सेकंदाला किती पिक

कॉम्प्युटर बिघडला की ते त्याच्या पुढे बसत नसत, मागे बसत. टेबल भिंतीपासून ओढायचं, मागच्या फटीत स्टूल घालायचं, कॅबिनेटच्या पत्र्यावर उजवा तळहात ठेवायचा आणि डोळे मिटून घ्यायचे. पडद्यावर काय चाललंय ते पुढे बसलेल्याने सांगायचं. एकदा एका मुलीने मैत्रिणींकडे बघत विचारलं, "सर, ताप आहे का हो त्याला?"

डोळे न उघडता ते म्हणाले, "आहे. कशाने ते अजून सांगत नई."

मुलं हसली. मीही हसले. मी त्या दिवशी लॅबमध्ये कशाला गेले होते ते आठवत नाही. मी मराठी शिकवायचे, त्या खोलीत माझं काही काम नसायचं.

ते गेले त्याला आता चार महिने झाले. कॉलेजात कुणी सूचना लावली नाही, कारण कागदोपत्री ते कॉलेजचे नव्हतेच. पाच वर्षं त्यांनी तिथे काढली, पण ती एक एक वर्षाची पाच वर्षं. दर जूनला पत्र मिळायचं, एप्रिलअखेर त्याची मुदत संपायची. अशा माणसांची नावं हजेरीपटात पेन्सिलने लिहायची आमच्याकडे पद्धत होती. प्रयोगशाळा सहायक, कंत्राटी. सहाव्या वर्षी कायम करू, असं संस्थेने त्यांना तोंडी सांगितलं होतं, आणि त्या एका वाक्यावर ते सातपूरहून रोज सायकलने येत होते.

स्टाफरूममध्ये त्यांना 'जॉबर' म्हणत. ते समोर नसताना म्हणत, असं लिहिलं तर मला बरं वाटेल. पण समोर असतानाही म्हणत. शब्द मालेगावचा. यंत्रमाग बिघडला की जो दुरुस्त करतो तो जॉबर. ते मूळचे नामपूरचे, तरुणपणी मालेगावात गेले आणि बारा वर्षं माग दुरुस्त करत राहिले. मग कानांना त्रास व्हायला लागला म्हणून नाशिकला आले, कॉम्प्युटरचा कोर्स केला. ज्या माणसाचे कान मागांनी निम्मे खाल्ले होते तो कॅबिनेटला हात लावून आतला पंखा किती जोरात फिरतोय ते सांगायचा. ऐकू येत नव्हतं म्हणूनच हात लावत असत, हे मला फार उशिरा सुचलं.

"मागाचं आणि ह्याचं एकच शे, मॅडम," ते मला म्हणाले होते. चिडले किंवा रंगात आले की त्यांच्या बोलण्यात बागलाण यायचं, 'आहे'चं 'शे' व्हायचं. "धोटा इकडून तिकडे गेला की एक पिक. मिनिटाला किती पिक पडतात, त्यावर कापड. इथे सेकंदाला किती चित्रं पडतात, त्यावर गेम. कमी पडले की डोळ्याला झटके."

चित्रांना फ्रेम म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, तरी ते पिकच म्हणत. मुलांना ते 'पीक' ऐकू यायचं. पाऊस लांबला की कुणीतरी दारातून ओरडायचं, "सर, यंदा पीक कसं काय?" आणि ते गंभीरपणे आकडा सांगत. "सात नंबरला तीस. बाकी सगळा दुष्काळ."

सात नंबर हा लॅबमधला जुना कॉम्प्युटर. खिडकीजवळचा, पिवळा पडलेला. त्यात त्यांनी स्वतः कुठून तरी आणलेलं ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं आणि मोटारींच्या शर्यतीचा एक गेम घातला होता. त्या गेममध्ये एक सोय होती. काही न करता सोडून दिलं की तो आपला आपण एक शर्यत दाखवत बसायचा, दर वेळी तीच मोटार, तोच रस्ता, तोच बोगदा. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला किती फ्रेम पडतात तो आकडा यायचा. ते हाताची घडी घालून तो आकडा बघत उभे राहत. मोटारीकडे त्यांचं लक्षच नसे. "पत्र टाईप करून मशीन कळत नई," ते म्हणत. "पळवली की कळते."

'हँग' या शब्दावर त्यांचा दात होता. नाशकात तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एवढा एकच आजार होता. बँकेत जा, सायबर कॅफेत जा, 'हँग झालाय'. ते समोरच्याला थांबवत. "हँग म्हणजे काय? पार थांबतो, का अडखळतो, का सावकाश चालतो?" माणूस वैतागायचा. "अहो, हँग होतो हो, बघा की." "थांबत असेल तर मेमरी बघू. अडखळत असेल तर मधेच दुसरं कुणीतरी काम काढतंय. सावकाश चालत असेल तर उष्णता. तिघांना एकच नाव ठेवलं तर औषध कुणाला द्यायचं?"

मी मराठीची बाई. शब्दांच्या बाबतीत असा माणूस मला आवडायला हवा होता, आणि आवडलाही. एकदोनदा वर्गात मी त्यांचं उदाहरण दिलं. उदाहरण म्हणून माणूस आवडणं फार सोपं असतं.

लॅबचे प्रमुख सर कुठल्याही तक्रारीवर एकच उपाय सांगत: फॉरमॅट मारा. म्हणजे आतलं सगळं पुसा आणि पहिल्यापासून भरा. यावर त्यांचं म्हणणं असं, की घरात भांडण झालं म्हणून घर पाडल्यासारखं आहे ते. एका हिवाळ्यात सात नंबर रोज अकराच्या सुमाराला अडखळू लागला. तीसवर असलेला आकडा बारावर यायचा, आणि पाऊण तासाने आपोआप वर जायचा. प्रमुख सर म्हणाले, मारा फॉरमॅट. हे आठ दिवस अकरा वाजता त्याच्या मागे जाऊन बसले. पंखा तपासला, आतला सुकलेला लेप खरवडून नवा लावला, मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरने घासल्या. एकदा तर खिडकीतलं ऊन अडवायला मला घरून जुनी चादर आणायला लावली, आणि मी आणली. नवव्या दिवशी सापडलं. प्रमुख सरांनीच व्हायरस शोधणारा प्रोग्राम टाकून ठेवला होता आणि त्याला रोज अकराची वेळ लावून दिली होती.

"मग आधी मला विचारायचं ना," प्रमुख सर म्हणाले.

"तुम्ही विसरला होता, सर."

"मी विसरलो नव्हतो. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

यांनी वेळ बदलून दुपारी चारची केली, म्हणजे लॅब सुटल्यावरची. आकडा तीसवर राहिला. त्या आनंदात त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे वाटले. लोकांना वाटलं कायम झाले. "कशाचे हो, जॉबर?" "मशीन सुधरलं." पेढा खाऊन झाल्यावर लोक हसले.

आमच्या घरी ते एकदाच आले. माझ्या नवऱ्याने बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, आणि तो दिवसभर कॉम्प्युटरवर विमान उडवत बसे. रानावरून विमान नीट जायचं; शहरावर आलं की पडद्यावरचं चित्र एकामागून एक फोटो दाखवल्यासारखं तुटत जायचं. त्यांनी नेहमीप्रमाणे मागे जागा मागितली. मागे जागा नव्हती. कॉम्प्युटर आम्ही लाकडी कपाटाच्या कप्प्यात बसवला होता, आणि वरून मी क्रोशाचं आवरण विणून घातलं होतं. ते आवरण त्यांनी दोन बोटांनी उचललं, घडी करून माझ्या हातात दिलं, आणि पत्रा उघडला.

आतून झेंडू निघाला. पंख्याच्या पात्यांत आणि त्याखालच्या जाळीत वाळलेल्या पाकळ्या अडकलेल्या, आणि हळदीत पिवळे झालेले तांदळाचे दाणे. दसऱ्याला मी कॅबिनेटला हार घालून अक्षता वाहिल्या होत्या. पंख्याने प्रसाद आत ओढून घेतला होता.

"बघा, ह्याने पूजा मनावर घेतली," नवरा म्हणाला.

"दरवर्षी हेच शे," ते चिमट्याने एक एक दाणा काढत म्हणाले. "दसऱ्यानंतर आमच्या लॅबमध्येपण पिक कमी पडतात. नाशकाचा झेंडू लय चांगला. पाकळी जाड, सुकून कडक होते."

मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, "खाली शहर एवढं दाट कशाला ठेवलंय? ढगपण आहेत. मशीन जुनं, त्याला एवढं झेपत नई. ढग बंद करा."

"ढग बंद केले तर मजा काय राहिली?"

"मग ढग बघा, नई तर विमान बघा. दोन्ही नई भेटणार."

नवऱ्याने ढग बंद केले. विमान नाशिकसारख्या कुठल्या तरी शहरावरून न अडखळता गेलं. चहा पिताना ते माझ्याकडे वळून म्हणाले, "फूल वाहा, मॅडम. पण मशीन बंद करून."

त्यांच्या आणि माझ्यात एक व्यवहार होता, तो सांगायला हवा. लॅबमध्ये लावायच्या सूचना ते स्वतः लिहीत आणि माझ्याकडे आणत. "हे सुधरून द्या, मॅडम. आमचं मराठी तुम्हाला माहीत शे." त्यांनी लिहिलेलं असायचं: 'मशीनला श्वास घेऊ द्या. भिंतीला चिकटवू नका.' मी लाल पेन घ्यायचे. 'संगणक भिंतीपासून योग्य अंतरावर ठेवावेत.' ते वाचून मान डोलवत. "हे बरोबर वाटतं." माझी सूचना लागली की कुणी पाळायचं नाही. त्यांची पाळत. हे मला दिसत होतं, आणि तरी मी लाल पेन घेत राहिले, कारण त्यांचं मराठी चुकीचं होतं आणि माझं बरोबर.

पाचव्या वर्षी संस्थेने वीस नवे कॉम्प्युटर घेतले. संस्थेच्या एका संचालकांच्या नात्यातल्या माणसाने ते पुरवले होते. नारळ फुटला, फोटो निघाला, पेपरात आला. महिन्याभराने ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "मॅडम, पाच मिनिटं लॅबमध्ये या. एक बघायचं शे."

त्यांनी सात नंबरशेजारी एक नवा कॉम्प्युटर ठेवला होता. दोन्हीवर तोच गेम, तीच शर्यत. दोन्ही एकदम सोडल्या. नव्यावरचा आकडा साठ, जुन्यावरचा तीस. "बघा, नवा किती छान," मी म्हणाले. "थांबा," ते म्हणाले. आम्ही उभे राहिलो. शर्यत संपायची, पुन्हा सुरू व्हायची. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. नव्याचा आकडा पन्नासवर आला. मग चाळीस. मग नव्यावरची मोटार बोगद्यात शिरताना तुटायला लागली. वीस. अठरा. शेजारी म्हातारा सात नंबर तीसवर गुमान पळत होता.

"हात लावा," ते म्हणाले. मी नव्या कॅबिनेटला हात लावला आणि काढून घेतला.

मग त्यांनी मला आतली चिप दाखवली. वर छापलेला वेगाचा आकडा त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. तो पुसला गेला. खाली खरवडलेल्या पृष्ठभागावर जुना, कमी वेगाचा आकडा अर्धवट दिसत होता. "हलकी चिप. वर भारी नंबर छापलाय, आणि जबरदस्तीने पळवलीय. तापली की आपला वेग आपणच कमी करते. जीव वाचवते बिचारी."

"सगळ्यांत असंच आहे?"

"बारा तपासल्या. बाराही."

त्यांनी प्राचार्यांना द्यायला टिपण लिहिलं होतं. अजून मला ते शब्दशः आठवतं. 'नव्या मशीनवर जे लिहिलंय ते आत नाही. नंबर खरवडून नवा छापलाय. वीस मिनिटं चालवा आणि हात लावा, कळेल.' मी लाल पेन घेतलं. माझं टिपण असं झालं: 'नूतन संगणकांच्या कार्यक्षमतेत काही त्रुटी निदर्शनास आल्या असून, त्याबाबत उचित कार्यवाही व्हावी ही विनंती.' त्यांनी वाचलं, मान डोलवली. प्राचार्यांनी त्यावर 'पाहिले' असं लिहून फाईलला लावलं. माझ्या वाक्यावर 'पाहिले' लिहिता येत होतं. त्यांच्या वाक्यावर लिहिता आलं नसतं.

पण चिपवर बोळा फिरवल्याची बातमी पुरवठादारापर्यंत गेली. पंधरा दिवसांत त्यांच्याविरुद्ध तक्रार आली. प्रयोगशाळा सहायक कामाच्या वेळात गेम खेळतात आणि परवानगीशिवाय नवीन यंत्रं उघडतात. तिघांची चौकशी समिती नेमली: ते संचालक, उपप्राचार्य आणि मी. मला घेतलं, कारण इतिवृत्त लिहायला 'चांगलं मराठी' हवं होतं. एप्रिलचा महिना होता. जूनमध्ये त्यांना कायम व्हायचं होतं. माझी वरिष्ठ श्रेणीची फाईलही त्याच संचालकांच्या टेबलावर होती. मला त्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांना बसायला खुर्ची दिली गेली नाही.

"तुम्ही लॅबमध्ये गेम लावता, खरं का?" संचालकांनी विचारलं.

"खरं."

"ड्युटीच्या वेळेत?"

"ड्युटीतच लावतो. घरी मशीन नई."

उपप्राचार्य हसले. संचालक हसले नाहीत. "म्हणजे कॉलेजच्या पैशाने गेम खेळता."

"खेळत नई, साहेब. चालवतो."

"त्यात काय फरक?"

"खेळताना बटणं दाबावी लागतात. मी हात लावत नई. माग कसा चालवतात, तसा गेम चालवतो. मशीन किती पळतं ते बघायला. मी फक्त पिक मोजतो."

"पीक मोजतो!" संचालक उपप्राचार्यांकडे वळले. "नामपूरचा ना? कांदा किती निघाला रे कॉम्प्युटरमध्ये?"

"कांदा नई निघाला, साहेब. खोटा नंबर निघाला."

 उपप्राचार्यांनी घसा साफ केला. "मॅडम, झालं ना लिहून? बाकी तुम्ही नीट करून घ्या."

मी नीट केलं. दुसऱ्या दिवशी टंकलिखित इतिवृत्त सह्यांना ठेवलं. त्यात एक वाक्य होतं: 'सदर कर्मचारी कार्यालयीन वेळेत प्रयोगशाळेतील संगणकावर गेम खेळतो, हे त्याने समितीसमोर मान्य केले.' नंबराचा उल्लेख नव्हता; तो 'विषयाशी संबंधित नव्हता'. 'गेम चालवणे' असा प्रयोग मराठीत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. चित्रपट चालवतात, दुकान चालवतात, घर चालवतात. गेम खेळतात. भाषेचं म्हणून ते खरंच होतं.

ते सही करायला माझ्याच टेबलाशी आले. मी म्हणाले, "वाचून बघा." माझ्या आवाजात काय होतं मला माहीत नाही. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"तुम्ही लिहिलंय ना? मग आम्ही त्यात काय वाचायचं."

आणि सही केली. जो माणूस पत्र्याला हात लावल्याशिवाय कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नसे, त्याने.

जूनमध्ये पत्र आलं नाही. जुलैत एक दिवस त्यांची बायको कॉलेजात आली. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. घरी साड्यांना फॉल-पिको करून देत. बोटांना मशीनचं तेल लागलेलं. कुणीतरी त्यांना माझं टेबल दाखवलं. हातात कामावरून कमी केल्याचं पत्र होतं, आणि त्यात माझं वाक्य, 'आपण समितीसमोर मान्य केल्याप्रमाणे' अशी सुरुवात लावून, जसंच्या तसं.

"मॅडम, हे खरंच असं बोलले का हो तिथं? मी घरी विचारते तर म्हणतात, आता मला नीट आठवत नई. पत्रात आहे म्हणजे बोललोच असेन. एवढं कुणी आपल्या पायावर धोंडा मारून घेतं का?"

मी म्हणाले, "रेकॉर्डला आहे तेच आहे, वहिनी. मला आता इतकं आठवत नाही."

त्या मग पत्राची घडी करून गेल्या. ऑगस्टमध्ये माझी वरिष्ठ श्रेणी मंजूर झाली. नवे वीस कॉम्प्युटर दोन वर्षांत बंद पडले आणि तळघरात गेले. कुणाचीही चौकशी झाली नाही.

त्यानंतर सहा वर्षं मी त्यांना भेटले नाही. नाशिक एवढं मोठं नाही. ज्या रस्त्यांवर ते भेटतील असं वाटायचं, ते मी टाळत होते. नवरा गेला त्या वर्षी मात्र टाळवेना. एखादं माणूस गेलं की बाकीची उरलेली दिसायला लागतात. मी पत्ता काढून सातपूरला गेले. एका इमारतीच्या तळमजल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत दुकान काढलं होतं. आतल्या खोलीतून पिकोच्या मशीनचा आवाज येत होता. ते बारीक झाले होते. पोटाचं दुखणं सुरू झालं होतं, तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

माझ्या आधी एक तरुण आला होता, जुना गेमिंगचा कॉम्प्युटर मांडीवर घेऊन. "काका, गेम लावला की हँग होतो."

मी वाट बघत राहिले. थांबतो, का अडखळतो, का सावकाश चालतो, हे ते विचारतील म्हणून.

"ठेवा," ते म्हणाले. "फॉरमॅट मारून ठेवतो. संध्याकाळी न्या."

तरुण गेला. त्यांनी मला स्टूल दिलं, तुमच्या साहेबांचं ऐकलं म्हणाले, वाईट झालं म्हणाले. मी म्हणाले, "तुम्ही त्याला काही विचारलं नाहीत."

"कशाला विचारायचं. लोक एक सांगतात, आपण दुसरं ऐकतो. आपलंच बोलणं आपल्याला धड आठवत नई, तर दुसऱ्याचं काय घेऊन बसायचं? फॉरमॅट मारला की वाद नई."

तेव्हा मी सांगितलं. इतिवृत्तातला शब्द तुमचा नव्हता, माझा होता, असं. तुम्ही 'चालवतो' म्हणाला होता, मी 'खेळतो' लिहिलं. वाक्य मी घरून पाठ करून आले होते. ते नीट, शुद्ध आणि लहान होतं.

 मग हात पुढे करून त्यांनी तो कॉम्प्युटर थोडा बाजूला सारला, आणि मला विचारलं, जसं पूर्वी विचारत तसं, एकामागून एक.

"मी बोलत होतो तेव्हा तुम्ही हाताने काय लिहिलं होतं? कच्च्या कागदावर?"

"चालवतो."

"नक्की?"

"नक्की. 'खेळत नाही, चालवतो' असं. तो कागद माझ्याकडे आहे."

"मग बदललं कधी? तिथेच, का घरी?"

"घरी. दुसऱ्यांदा लिहिताना."

"एकदम बदललं, का आधी 'चालवतो' लिहून मग खोडलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "लिहून खोडलं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग यायची मी वाट बघत होते. मी त्यासाठीच आले होते, असं आता वाटतं. राग आला नाही. त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला, आणि डोळे ओले झाले.

"म्हणजे मी बरोबर बोललो होतो," ते म्हणाले.

मग आतल्या दाराकडे वळून मोठ्याने, मागांच्या आवाजात बोलायची सवय असलेला माणूस बोलतो तसं, त्यांनी हाक मारली. "ऐकलं का? बाहेर या जरा. मॅडम आल्यात. मी बरोबरच बोललो होतो. तिथं मी 'चालवतो'च म्हणालो होतो!"

मशीन थांबलं. त्या दारात आल्या, हातात कुणाची तरी साडी तशीच. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उठून उभी राहिले होते.

"आता सांगता, मॅडम?" त्या म्हणाल्या.